पेजमेकर, डोंगल आणि झल्लाकचा मॅक

खारी हवा लोखंड खाते, हे दापोलीच्या माणसाला कुणी सांगावं लागत नाही. ती संगणकही खाते, हे मात्र मला बहरीनला आल्यावर कळलं. आम्ही राहतो झल्लाकला, बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर. समोर समुद्र, त्याच्या पलीकडे सौदी. पाठीमागे वाळवंट, अल अरीनचं अभयारण्य आणि साखीरचा फॉर्म्युला वनचा ट्रॅक. नवरा किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात मेंटेनन्स बघतो म्हणून आम्ही इथे. बाकी आपली बरीचशी माणसं मनामात, नाहीतर रिफात. दमट हवा आणि मधूनमधून धुळीचं वादळ, या दोघांनी मिळून आमचा जुना विंडोजवाला पीसी संपवला. मनामातल्या मल्याळी दुरुस्तीवाल्यानं मदरबोर्ड काढून दाखवला, तर स्लॉटांवर हिरवट थर. "चेची, याला आता काही होणार नाही," म्हणाला आणि हार्ड डिस्क तेवढी सुटी करून हातात ठेवली.

घरात उरला तो मुलीनं मागे ठेवलेला मॅकबुक एअर. आणि नेमकं तेव्हाच इथल्या आमच्या मराठी मंडळानं ठरवलं, की गणेशोत्सवाच्या जुन्या स्मरणिकांमधलं निवडक साहित्य काढून एक पुस्तक करायचं. "वहिनी, फायली तुमच्याकडेच असतील ना?" असतील काय, होत्याच. लग्नाआधी नारायण पेठेतल्या एका प्रेसमध्ये मी डीटीपी करायचे, त्यामुळे इथे आल्यापासून स्मरणिका माझ्याच गळ्यात. पण त्या सगळ्या फायली पेजमेकर ६.५च्या, आतला मजकूर युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमधला, आणि फॉन्टच्या पॅकेजला डोंगल, म्हणजे संगणकाला खोचल्याशिवाय पॅकेज उघडतच नाही अशी किल्ली. समोर मॅक. डोंगलला प्रेसमध्ये आम्ही नुसतं 'लॉक' म्हणायचो, आणि या गोष्टीत ते नाव फारच खरं ठरलं.

एका यंत्रासाठी केलेलं सॉफ्टवेअर दुसऱ्या यंत्रावर चालतं का? चालतं. तीन वाटांनी चालतं, आणि कोणती वाट कुठवर नेते हे समजायला इंजिनियर असावं लागत नाही.

अडतं कुठे?

पेजमेकरच्या फायलीवर मॅकमध्ये डबलक्लिक केलं, तर मॅक ढिम्म हलत नाही. त्याची कारणं दोन आहेत, आणि ती वेगवेगळी ठेवली की पुढचं सगळं सोपं जातं.

पहिलं कारण प्रोसेसर. पेजमेकर विंडोजसाठी तयार झाला तो इंटेलच्या घराण्यातल्या प्रोसेसरसाठी. १९७८ सालच्या ८०८६ चिपपासून चालत आलेलं ते घराणं. अॅपलनं २०२०च्या नोव्हेंबरात मॅकमध्ये स्वतःची एम-वन चिप घातली, ती आर्म घराण्यातली. दोघींच्या आज्ञा सर्वस्वी निराळ्या. इंटेलची एक आज्ञा कधी एका बाइटची, तर कधी पंधरा बाइटपर्यंत लांब; या आर्मची प्रत्येक आज्ञा मोजून चार बाइटची. एकीसाठी लिहिलेला मजकूर दुसरीला निव्वळ अर्थहीन.

दुसरं कारण ऑपरेटिंग सिस्टिम. कुठलाही प्रोग्रॅम सगळं काम स्वतः करत नाही, तो उठता बसता सिस्टिमकडे मागणी करतो. फाइल उघड, खिडकी काढ, या जागी हे अक्षर उमटव, प्रिंटरला पान पाठव. विंडोजवर फाइल उघडायची मागणी 'क्रिएटफाइल' या नावानं जाते, मॅकवर 'ओपन' या नावानं. नाव वेगळं, सोबत द्यायची माहिती वेगळी, मिळणाऱ्या उत्तराचा साचाही वेगळा. म्हणजे प्रोसेसर एकच असला तरी विंडोजचा प्रोग्रॅम मॅकवर उभा राहात नाही. आणि सिस्टिम एकच असली तरी चिप बदलली की पुन्हा अडचण आहेच. माझ्याकडे दोन्ही बदललेलं होतं.

पहिली वाट: विंडोजच्या जागी बसून उत्तर देणं

प्रोग्रॅमला विंडोज हवं असतं ते उत्तरांपुरतं. तेव्हा प्रत्येक मागणीला विंडोजसारखंच उत्तर देणारं कुणी मध्ये बसवलं, तर समोर खरं विंडोज आहे की नाही याची प्रोग्रॅमला पर्वा नसते. 'वाईन' हे सॉफ्टवेअर हेच करतं. बॉब अॅमस्टॅड आणि एरिक यंगडेल यांनी ते १९९३ साली लिनक्ससाठी सुरू केलं. १९९४पासून त्याची धुरा अलेक्झांडर ज्युलियार्ड यांच्याकडे आहे. वाईनची १.० आवृत्ती यायला २००८ साल उजाडलं. पंधरा वर्षं लागली, कारण विंडोजच्या मागण्या हजारोंनी आहेत आणि कागदोपत्री न लिहिलेल्या सवयीही तितक्याच. आखातात आपण अरबी टायपिंगवाल्याकडे जातो ना, तसंच हे: आपण आपल्या भाषेत सांगायचं, तो सरकारी नमुन्यात अरबी अर्ज भरून देतो. वाईनही 'क्रिएटफाइल' ऐकून खालच्या सिस्टिमला 'ओपन' सांगतं आणि आलेलं उत्तर विंडोजच्या साच्यात परत देतं.

हे झालं सिस्टिमचं. चिपचा प्रश्न मॅकवर अॅपलचं 'रोझेटा २' सोडवतं. इंटेलसाठीचा प्रोग्रॅम पहिल्यांदा उघडताना ते त्याच्या आज्ञा आर्ममध्ये भाषांतरित करून ठेवतं, म्हणून पहिली वेळ रेंगाळते आणि पुढच्या वेळी चटकन उघडतं. यात एक खुबी आहे. मेमरीत केलेल्या नोंदी दुसऱ्या कोअरला कोणत्या क्रमानं दिसाव्यात, याचे नियम इंटेलमध्ये कडक आहेत आणि आर्ममध्ये सैल. नुसत्या भाषांतरानं तो क्रम सांभाळायचा तर वेग पार बसतो. म्हणून अॅपलनं एम-वन चिपमध्येच इंटेलचा क्रम पाळण्याची सोय ठेवली. रोझेटा इतकं पळतं त्यामागे सॉफ्टवेअरइतकंच हे सिलिकॉनही आहे.

मॅकवर वाईन बसवलं की आपल्या होम फोल्डरमध्ये एक लपलेलं फोल्डर तयार होतं. आत गेलात की 'ड्राइव्ह सी'. त्याच्या आत 'विंडोज', त्याच्या आत 'सिस्टिम ३२' आणि 'फॉन्ट्स'. अख्खा सी ड्राइव्ह, पण बाहुलीच्या घरासारखा रचलेला. पेजमेकरला तो खराच वाटतो. तिथे पेजमेकर बसवला आणि मॅकच्या पडद्यावर तो राखाडी टूलबॉक्स उघडला. स्मरणिकेचं पान आलं, पण मजकुराच्या जागी रोमन अक्षरं आणि त्यांच्या डोक्यावर चित्रविचित्र चिन्हं. तेही अपेक्षितच होतं. आमचे फॉन्ट त्या 'फॉन्ट्स' फोल्डरमध्ये टाकले आणि पेजमेकर पुन्हा उघडला, तर अध्यक्षांचं मनोगत मराठीत समोर.

मग मराठी पॅकेज उघडायला गेले आणि पडद्यावर सूचना: लॉक सापडत नाही.

डोंगल यूएसबीला लावलेलं होतं, मॅकला ते दिसतही होतं. पण डोंगलशी बोलतो तो ड्रायव्हर, आणि ड्रायव्हर सिस्टिमच्या अगदी गाभ्यात, कर्नलमध्ये, बसतो. वाईन विंडोजची वरवरची वागणूक हुबेहूब करतं. त्याच्या पोटात विंडोजचा कर्नल नसतो. त्यामुळे प्रोग्रॅम चालतो आणि लॉक अडतं. खेळांमधल्या चोऱ्या पकडणारी सॉफ्टवेअरं, काही अँटिव्हायरस, जुन्या मशिनांचे ड्रायव्हर यांची गाडीही इथेच रुतते.

ही वाट दुबळी आहे असं मात्र समजू नका. व्हॉल्व्ह कंपनीनं २०१८ साली वाईनवर आधारलेलं 'प्रोटॉन' आणलं आणि २०२२ साली 'स्टीम डेक' नावाचं हातात धरून खेळायचं यंत्र काढलं. त्यात आहे लिनक्स, आणि त्यावर खेळले जातात विंडोजसाठी केलेले खेळ. खेळणाऱ्या मुलांना मध्ये कोण बसलंय याचा पत्ताही नसतो.

दुसरी वाट: संगणकात संगणक

विंडोजची नक्कल पुरत नसेल तर खरं विंडोजच आणायचं, पण एका खिडकीत. याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. मॅक आपल्या मेमरीतला एक वाटा आणि डिस्कवरची एक मोठी फाइल काढून देतो. आत बसलेल्या विंडोजला वाटतं, हा आपलाच स्वतंत्र संगणक. १९९८ साली स्थापन झालेल्या व्हीएमवेअरनं १९९९मध्ये ही कला साध्या पीसीवर आणली. मॅकवर 'पॅरलल्स' २००६पासून आहे.

यात वेग चांगला मिळतो, कारण आतल्या विंडोजच्या बहुतेक आज्ञा थेट खऱ्या प्रोसेसरवर चालतात. पण त्यातच मेख आहे. प्रोसेसर जो असेल तोच उसना मिळतो. एम मालिकेच्या मॅकवर आर्म मिळणार, म्हणजे आत विंडोजही आर्मचंच हवं. ते उपलब्ध आहे. विंडोज ११ची आर्म आवृत्ती पॅरलल्समध्ये चालवायला मायक्रोसॉफ्टनं २०२३ साली रीतसर मान्यता दिली, आणि इंटेलसाठीचे प्रोग्रॅम भाषांतरित करायची सोय त्या विंडोजच्या अंगातच आहे. माझ्या एका मैत्रिणीचा नवरा मॅकवर टॅलीप्राइम चालवतो तो असाच. टॅलीप्राइम विंडोजसाठी आहे, आणि बहरीनमध्ये २०१९पासून व्हॅट आल्यावर छोट्या दुकानांचे हिशेब लिहिणाऱ्यांना ते लागतं.

माझ्या लॉकला मात्र इथेही दार बंद. विंडोज प्रोग्रॅमचं भाषांतर करतं, ड्रायव्हरचं नाही. आर्म विंडोजला ड्रायव्हर आर्मचाच लागतो, आणि आमच्या जुन्या डोंगलसाठी तसा कोण कशाला लिहितो!

याच वाटेचा मोठा अवतार म्हणजे क्लाउड. अॅमेझॉननं २०१९ साली बहरीनमध्ये आपली डेटा सेंटरं सुरू केली. तिथला विंडोजचा संगणक तासावर भाड्यानं घ्यायचा आणि मॅकच्या पडद्यावर तो नुसता बघायचा. टॅलीवाल्यांना हे फार सोयीचं. पण यूएसबीचं लॉक डेटा सेंटरमध्ये नेऊन खोचणार कोण?

तिसरी वाट: अख्खं यंत्रच उभं करणं

उरली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात संथ वाट. इम्युलेटर. यात प्रोसेसरसकट सगळं यंत्र सॉफ्टवेअरमध्ये रचतात: इंटेलची चिप, तिचे रजिस्टर, डिस्कचा कंट्रोलर, यूएसबीचं पोर्ट, पडद्याचं कार्ड.

ही कल्पना पीसीपेक्षा वयानं मोठी. आयबीएमनं १९६४च्या एप्रिलमध्ये सिस्टिम ३६० जाहीर केली, तेव्हा ग्राहकांचा पहिला प्रश्न होता की आमच्या १४०१वरच्या प्रोग्रॅमांचं काय. १४०१ हे १९५९ सालचं यंत्र, कितीतरी कंपन्यांचे पगार आणि बिलं त्यावर चालायची. ते सगळं नव्यानं लिहायला लागलं असतं तर ग्राहक दुसऱ्या कंपनीकडे गेला असता. म्हणून ३६०च्या लहान मॉडेलांत आयबीएमनं १४०१सारखं वागण्याची सोयच घालून दिली. नवं यंत्र विकायचं तर जुनं त्याच्या पोटात चाललं पाहिजे, हा धडा तेव्हापासूनचा.

आज या कामासाठी 'क्यू-एम्यू' आहे. फाब्रीस बेलार्ड या फ्रेंच प्रोग्रॅमरनं २००३ साली काढलेलं, फुकट आणि खुलं. मॅकवर तेच 'यूटीएम' या नावाच्या सोप्या वेष्टनात मिळतं. प्रत्येक आज्ञेचं चालू असतानाच भाषांतर होत असल्यामुळे आजचं विंडोज त्यात घातलं तर चहा करून यावा. पण मला आजचं नकोच होतं. विंडोज एक्सपी २००१ सालचं, त्या काळच्या किरकोळ यंत्रासाठी केलेलं. इम्युलेटरमध्येही ते बऱ्यापैकी चालतं. जुन्या पीसीबरोबर घेतलेली एक्सपीची सीडी आणि तिचा परवाना ड्रॉवरमध्ये होता, तो कामी आला.

एक्सपी बसलं, पॅकेजच्या सीडीवरचा ड्रायव्हर बसला. नशिबानं आमचं लॉक यूएसबीचं. त्याआधीची प्रिंटरच्या पोर्टला लागायची. यूटीएममध्ये वर यूएसबीचं चिन्ह असतं, त्यातून 'हे उपकरण आतल्या यंत्राला दे' असं सांगता येतं. दिलं, आणि डोंगलवरचा बारका दिवा लागला. आत एक्सपी, एक्सपीला आपण इंटेलवर आहोत अशी खात्री, आणि खाली आर्मची चिप घाम गाळतेय. पेजमेकर संथ होता, पण नारायण पेठेत आमच्या प्रेसमध्ये तो याहून वेगानं चालायचा असं मी छातीठोकपणे सांगणार नाही.

दोन गोष्टी सांगून ठेवते. डोंगलची नक्कल करून देणारी सॉफ्टवेअरं बाजारात फिरतात; ती बेकायदा असतात आणि बहुधा व्हायरस घेऊनच येतात. आपलं खरं डोंगल आतल्या यंत्राला देणं निराळं. दुसरं म्हणजे, एक्सपीला मायक्रोसॉफ्टनं २०१४च्या एप्रिलनंतर सुरक्षेचे अपडेट देणं थांबवलं. आतल्या एक्सपीचं इंटरनेट तोडूनच ठेवा.

उघडलं, पुढे काय?

इथे बहुतेक जण थांबतात. जुना प्रोग्रॅम नव्या यंत्रावर चालला, फोटो काढून ग्रुपवर टाकला, झालं. माझं म्हणणं असं, की खरं काम इथून पुढे.

आपल्या जुन्या मराठी फायलींचं दुखणं मुळातलं आहे. ऐंशीच्या दशकात आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे आणि सहकाऱ्यांनी जिस्ट तंत्रज्ञान घडवलं. ते पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये आलं. डॉसच्या पीसीत जिस्ट कार्ड खोचलं की पडद्यावर देवनागरी उमटायची. १९९१ साली भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानकही ठरलं, आणि त्याच वर्षीच्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी होती. पण विंडोजमध्ये तिची अंगभूत सोय यायला विंडोज २००० उजाडलं, तिच्यासोबत र. कृ. जोशींनी घडवलेला मंगल फॉन्ट आला. मधल्या काळात छपाई थांबणार नव्हती. म्हणून सी-डॅकचं आयएसएम, पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचं श्री-लिपी, आकृती अशा पॅकेजांनी रोमन अक्षरांच्या जागांवर मराठी आकृत्या बसवल्या. कुणी कुठली आकृती कुठे बसवायची, हे ज्याचं त्यानं ठरवलं. पेजमेकरला तर शेवटच्या, २००१ सालच्या सातव्या आवृत्तीपर्यंत युनिकोड आलंच नाही.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं, ते 'वार्षिक' या एका शब्दात पाहा. जुन्या फॉन्टच्या फाइलमध्ये तो डोळ्यांना दिसतो त्या क्रमानं साठवलेला असतो: व, काना, ऱ्हस्व वेलांटी, ष, रफार, क. युनिकोडमध्ये तो उच्चाराच्या क्रमानं: व, काना, र, हलन्त, ष, वेलांटी, क. वेलांटी पुढून मागे जाते, रफार मागून पुढे येतो. त्यात काही फॉन्टांमध्ये 'ष' हाही अर्धा ष आणि उभा दंड अशा दोन तुकड्यांचा. कन्व्हर्टर हे सगळं उलटंपालटं करून देतो, आणि जिथे रफार आणि वेलांटी एकाच अक्षरावर येतात तिथे हमखास घसरतो. म्हणून रूपांतर झालं की आधी 'वार्षिक', 'मार्मिक', 'आर्थिक' असे शब्द शोधून बघायचे. ते ठीक असले तर बाकी मजकूर बहुधा ठीक असतो.

मी एक्सपीमधल्या पेजमेकरमध्ये एकेक लेख निवडून टेक्स्ट म्हणून एक्स्पोर्ट केला, पॅकेजमधल्या कन्व्हर्टरनं युनिकोडमध्ये आणला, मॅकवर घेऊन मुद्रितशोधन केलं. फोटोंचं निराळंच. पेजमेकर फोटो बहुधा फाइलमध्ये पुरा ठेवत नाही, तो कुठे आहे एवढं लक्षात ठेवतो. हार्ड डिस्कवर ते फोटो शोधावे लागले. काही सापडले नाहीत, ते छापील अंकातून स्कॅन केले.

"पीडीएफ होती ना, मग एवढा खटाटोप कशाला?" असं चिटणीसांनी विचारलंच. जुन्या फॉन्टची पीडीएफ दिसायला सुरेख असते. पण तिच्यातला मजकूर कॉपी करून बघा: रोमन कचरा बाहेर पडतो. तिच्यात नाव शोधलं तरी सापडत नाही. डोळ्यांना मराठी, संगणकाला काहीच नाही.

मुदतीचे पूल

घाई का करायची, तेही सांगते. यातली प्रत्येक वाट मुदतीची आहे. अॅपलनं पॉवरपीसीवरून इंटेलवर जाताना २००६ साली पहिलं रोझेटा दिलं आणि २०११ साली काढून घेतलं. २०१९ साली मॅकवरून ३२-बिट प्रोग्रॅम हद्दपार झाले. वाईनवाल्यांनी खटपट करून विंडोजच्या ३२-बिट प्रोग्रॅमांना पुन्हा जागा करून दिली म्हणून माझा पेजमेकर उघडला. रोझेटा २सुद्धा मॅक ओएस २७पर्यंतच पूर्णपणे मिळेल, पुढे काही जुन्या खेळांपुरतं राहील, असं अॅपलनं २०२५ साली जाहीर केलं. विंडोजच्या ६४-बिट आवृत्त्या १६-बिट प्रोग्रॅम चालवत नाहीत. पेजमेकर ६.५च्या फायली त्याच्या जागी आलेलं इनडिझाइन उघडायचं, पण सीएस-६पर्यंतच. पुढच्या आवृत्त्यांनी ते सोडलं. इम्युलेटर सगळ्यांत चिवट, कारण त्याला कुणाच्या मर्जीची गरज नाही. पण तोही डोंगल जिवंत असेतोवरच. उद्या त्या इवल्या चिपला काही झालं, तर कोणतीच वाट उपयोगाची नाही.

तेव्हा तुमच्या घरात, शाळेत, प्रेसमध्ये किंवा मंडळात जुन्या फायली असतील तर अशी विभागणी करा. नेहमीचं काम, चालू सॉफ्टवेअर, डोंगल नाही: आधी वाईन करून पाहा, फुकट आहे. रोज वापरायचं आणि अडून चालणार नाही असं: परवाना घेऊन व्हर्च्युअल मशीन, नाहीतर क्लाउड. जुनं, बंद पडलेलं, लॉकवालं: इम्युलेटर, आणि तोही फक्त माल बाहेर काढेपर्यंत. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये नवं काम सुरू करू नका. परवा कुणीतरी "वहिनी, आता पेजमेकर चालतोच आहे, तर यंदाची स्मरणिकाही त्यातच करा की" म्हणालं, त्यांना मी सरळ नाही सांगितलं.

आता आमच्या मंडळात अंक छापून आला, की त्याच आठवड्यात तीन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या: मजकूर युनिकोडच्या साध्या टेक्स्ट फायलीत, फोटो मूळ आकारात, आणि पीडीएफ. तीनही दोन ठिकाणी, एक प्रत बहरीनबाहेर. यातलं काहीही उघडायला कुणाला डोंगल, परवाना किंवा माझी गरज लागणार नाही.